सीटी नॉर्मल होता, मग हात कसा गेला?

मागच्या अंकात अपघातानंतर पेशंटला कसं उचलायचं, कुठे न्यायचं यावर लिहिलं होतं, त्यावर आलेली पत्रं वाचत बसलो तर त्यातली बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरत होती. डोक्याला मार लागला, सीटीत काही निघालं नाही, आणि मग दोन दिवसांनी किंवा दोन आठवड्यांनी भलतंच काहीतरी सुरू झालं. म्हणून या वेळचं सदर पूर्ण कॅरोटिडला देतो. कॅरोटिड म्हणजे गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवलं की उडताना लागते ती रक्तवाहिनी, ती वर जबड्याच्या कोनाच्या आसपास दोन फाट्यांत वाटली जाते आणि आतला फाटा कवटीच्या तळाच्या हाडातून वाट काढत मेंदूत जातो. पत्रं थोडी कापलीत आणि नावं काढलीत.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझा धाकटा दीर, वय ३१, बाइकवरून पडला. हेल्मेट होतं पण पट्टा लावला नव्हता. जबडा फ्रॅक्चर झाला, थोडा वेळ शुद्ध नव्हती. जवळच्या हॉस्पिटलात डोक्याचा सीटी केला, नॉर्मल आला, आम्ही सगळे निर्धास्त झालो, दुसऱ्या दिवशी तो चक्क फोनवर मॅच बघत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी उजवा हात उचलेना आणि शब्द तोंडातल्या तोंडात. पुण्याला हलवलं तर म्हणाले डाव्या बाजूची मानेतली नस आतून फाटलीय, तिथली गुठळी मेंदूत गेली. मग पहिल्यांदा दिसलं कसं नाही? घरचे म्हणतायत केस करा. आणि आता एक डॉक्टर म्हणतात स्टेंट टाका, दुसरे म्हणतात गोळ्यांवर ठेवा. आम्ही कुणाचं ऐकायचं?
(बारामतीहून एक वाचक)

उत्तर : ताई, आधी सीटीचं सांगतो. डोक्याचा साधा सीटी, म्हणजे शिरेतून औषध न देता काढलेला, हा हाड मोडलंय का आणि मेंदूत रक्त साचलंय का हे बघायला असतो. तो डोक्याचा असतो, मानेचा नसतो, आणि रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर त्यात दिसतच नाही. ते बघायला सीटी अँजिओ लागते, त्यात हातातून आयोडीनवालं औषध सोडतात आणि छातीच्या वरच्या भागापासून डोक्यापर्यंतच्या सगळ्या नसांचा फोटो निघतो, मशीनवरचं काम काही मिनिटांचं असतं. त्यामुळे "सीटी नॉर्मल" हे वाक्य खरं होतं, फक्त ते ज्या प्रश्नाचं उत्तर होतं तो प्रश्न वेगळा होता. केस करायची का यावर मी या सदरात मत देणार नाही, पण एवढं सांगेन की जबडा किंवा चेहऱ्याची मधली हाडं मोडली असतील, कवटीच्या तळाला फ्रॅक्चर असेल, मानेचा मणका मोडला असेल, किंवा गळ्यावर सीट बेल्टचा नाहीतर दोरीचा वळ असेल तर मानेची अँजिओ करून घ्यावी असे निकष गेली पंचवीसेक वर्षं आहेत, मोठ्या ट्रॉमा सेंटरमध्ये ते पाळतातही. तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता ते सुचणं आणि मशीन हाताशी असणं या दोन्ही गोष्टी जमून यायला लागतात.

आता झालं काय ते. पडताना डोकं मागे गेलं आणि सोबत वळलं की कॅरोटिड वरच्या मणक्यांवर ताणली जाते. तिला तीन थर असतात, त्यातला सगळ्यात आतला नाजूक थर चिरतो. बाहेरून नस अखंड दिसते, रक्त बाहेर सांडत नाही, पण चिरलेल्या जागी रक्त थरांच्या मध्ये शिरतं आणि वाट अरुंद करतं, आणि त्या खरबरीत जागेवर गुठळी धरायला लागते. हे सगळं व्हायला वेळ लागतो म्हणून पेशंट आधी ठणठणीत दिसतो. बऱ्याच जणांत त्रास १० ते ७२ तासांत सुरू होतो, काहींत आठवड्याने. दिराचा तिसरा दिवस त्यात अगदी बसतो. जोरदार मार लागून ॲडमिट होणाऱ्या १०० पेशंटमागे एखाद-दोघांना मानेतल्या नसेची अशी इजा असते, म्हणजे दुर्मिळ म्हणून सोडून देण्याइतकी ती दुर्मिळ नाही.

स्टेंट (नसेच्या आत बसवायची धातूच्या जाळीची नळी) की गोळ्या याचं एका वाक्यात उत्तर नाही, पण दोन डॉक्टरांत मतभेद असणं इथे साहजिक आहे, त्यातलं कुणी फसवतंय असं लगेच धरू नका. या इजांची एक प्रतवारी असते, अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मांडलेली, आजही तीच वापरतात. पहिल्या ग्रेडमध्ये आतलं अस्तर खरचटलेलं किंवा वाट २५ टक्क्यांपेक्षा कमी अरुंद झालेली. दुसऱ्यात त्याहून जास्त अरुंद, किंवा आत गुठळी नाहीतर लोंबणारा पापुद्रा. तिसऱ्यात नसेला बाहेरच्या बाजूला फुगवटा, म्हणजे टायरला चीर पडून ट्यूब बाहेर डोकवावी तसा. चौथ्यात नस पूर्ण बंद. पाचव्यात नस तुटून रक्त बाहेर, ते पेशंट बहुतेक वेळा हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत. रिपोर्टवर ग्रेड लिहिली नसेल तर विचारून घ्या.

पहिल्या दोन ग्रेडना साधारणपणे औषधंच, म्हणजे ॲस्पिरिनच्या गोळ्या किंवा रक्त पातळ करायचं हेपॅरिनचं इंजेक्शन, आणि ७ ते १० दिवसांनी परत अँजिओ. पहिल्या ग्रेडच्या बऱ्याच नसा तेवढ्यात आपोआप भरून येतात. ॲस्पिरिन बरं की रक्त पातळ करायची कडक औषधं बरी यावर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात २५० पेशंटवर मोठी चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल आला, दोन्हींत फारसा फरक निघाला नाही. ती बहुतेक अपघाताशिवाय नस चिरलेल्या लोकांवर होती हे खरं, पण हाताशी असलेल्या चांगल्या पुराव्यांतला तो एक आहे. डोक्याला मार असताना मी तरी ॲस्पिरिनकडेच झुकतो, त्याचा हिशोब सोपा असतो.

स्टेंटबद्दल मात्र थोडं सावध राहा. डेन्व्हरच्याच टीमने २००५ मध्ये आपला अनुभव छापला होता आणि तो वाचून तेव्हा आमच्या क्षेत्रात बऱ्याच जणांचे हात आखडले, कारण ज्यांना स्टेंट टाकले त्यातल्या जवळपास निम्म्यांची नस नंतर बंद झालेली निघाली, नुसत्या गोळ्यांवर ठेवलेल्यांत ते अगदी थोड्यांचं झालं. पुढे स्टेंट सुधारले, सोबत दोन गोळ्या नेटाने चालू ठेवायची शिस्त आली, आणि नंतरच्या टीमचे आकडे पुष्कळ बरे आले. तरी "नस फाटलीय म्हणजे टाका स्टेंट" हे आजही बरोबर नाही.

मग टाकायचा कधी? तुमच्या डॉक्टरांना हे विचारा: नस इतकी अरुंद आहे का की डावा मेंदू उपाशी राहतोय, आणि उजवीकडून किंवा मागून त्याला पुरेसं रक्त येतंय की नाही. गोळ्या चालू असताना परत झटका आला का. फुगवटा आहे का, आणि दुसऱ्या अँजिओत तो वाढलेला दिसतोय का. यातल्या एकाचं उत्तर जरी काळजीचं असेल तर स्टेंटचं पारडं जड होतं. तिन्ही ठीक असतील तर गोळ्यांवर थांबून परत बघण्यात काही चूक नाही, आणि ते म्हणजे "काहीच न करणं" नव्हे, हे घरच्यांना जरा समजावून सांगा, कारण आपल्याकडे टेबलावर नेलं नाही तर इलाजच केला नाही असं वाटतं.

एक अजून, तुमच्या दिरासाठी उशिराचं पण बाकीच्यांसाठी. हात गेला, तोंड वाकडं झालं असा झटका आला की साध्या लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात, पण नुकताच डोक्याला जोराचा मार लागला असेल तर ते देता येत नाही, मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती असते. अशा वेळी जांघेतून नळी नेऊन गुठळी ओढून काढणं हाच रस्ता उरतो. निवडक पेशंटमध्ये ते २४ तासांपर्यंत करता येतं हे २०१८ च्या चाचण्यांनी दाखवलं, पण दर तासागणिक मेंदू मरत असतो, म्हणून "सकाळपर्यंत बघू" करू नका, आणि जिथे कॅथलॅब, म्हणजे नसेत नळी घालून काम करायची खोली, चालू आहे अशाच ठिकाणी फोन करून मग निघा.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या मेंदूत थोडा रक्तस्राव पण आहे आणि मानेतली नस पण चिरलीय. एकीकडे म्हणतात रक्त पातळ करू नका, दुसरीकडे म्हणतात पातळ केलंच पाहिजे. हे काय गौडबंगाल आहे?
(जालना)

उत्तर : गौडबंगाल नाही हो, खरोखरची कोंडी आहे, आणि या विषयातला सगळ्यात अवघड निर्णय हाच. मेंदूतलं रक्त थांबायला वेळ द्यावा तर नसेत गुठळी धरते, नस सांभाळावी तर डोक्यातलं रक्त वाढायची भीती. व्यवहारात असं करतात की सीटी परत काढून रक्तस्राव वाढत नाहीये ना ते बघायचं, न्यूरोसर्जनशी बोलायचं, आणि मग शक्य तितक्या लवकर, बहुतेक एक-दोन दिवसांत, एकट्या ॲस्पिरिनने सुरुवात करायची. काही ठिकाणी हेपॅरिन ड्रिपने देतात, कारण गरज पडली तर ते लगेच बंद करून उलटवता येतं. अशा पेशंटमध्ये स्टेंट घाईने नको असतो त्याचं कारणही हेच, स्टेंट टाकला की ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, गुठळी रोखणाऱ्या या दोन्ही गोळ्या चालू कराव्या लागतात आणि मग अचानक कवटी उघडायची वेळ आली तर सर्जनची पंचाईत होते. वडिलांचे न्यूरोसर्जन आणि नसेचे डॉक्टर एकमेकांशी बोललेत का एवढं मात्र आवर्जून विचारा. दोघं वेगवेगळ्या वेळी राउंडला येतात आणि दोघांचे निरोप नातेवाईक इकडून तिकडे पोचवतात, अर्धा गोंधळ तिथेच होतो.

प्रश्न : डॉक्टर साहेब, मी स्वतः पेशंट आहे, वय ४४. गणपतीच्या आधी गच्चीवरून पडलो, कवटीच्या तळाला बारीक फ्रॅक्चर होतं, दहा दिवसांनी घरी सोडलं. त्यानंतर डावा डोळा लाल व्हायला लागला. डोळे आल्यासारखा म्हणून ड्रॉप घातले, दोन दुकानांतून दोन वेगळे. आता डोळा बाहेर आलाय, दोन-दोन दिसतं, आणि रात्री शांत झालं की डोक्यात भात्यासारखा सूं-सूं आवाज येतो, नाडीच्या तालावर. बायकोने कान लावला तर तिलाही ऐकू आला! हे काय आहे?
(चिपळूण)

उत्तर : दादा, हा अंक हातात पडेपर्यंत थांबू नका म्हणून संपादकांकडून तुम्हाला आधीच निरोप पाठवलाय, तरी इथे सविस्तर लिहितो कारण डोळ्याच्या ड्रॉपवर महिना-महिना काढणारे तुम्ही एकटे नाही.

बायकोने कान लावला ते फार चांगलं केलं, तेवढ्यावरून निम्मं निदान होतं. डोळ्याच्या मागे कवटीत एक छोटी जागा असते, अशुद्ध रक्ताच्या शिरांचं जाळंच म्हणा, आणि गंमत अशी की कॅरोटिड त्या जाळ्याच्या मधून जाते. शरीरात धमनी अशी शिरेच्या पोटातून जाते ते बहुधा तेवढं एकच ठिकाण. कवटीचा तळ तडकला आणि तिथे कॅरोटिडला भोक पडलं की जोरातलं शुद्ध रक्त सरळ त्या शिरांत घुसतं. डोळ्याचं रक्त ज्या शिरांनी परत जायचं त्यात उलटा दाब येतो, म्हणून डोळा लाल, सुजलेला, पुढे आलेला, आणि हात ठेवला तर कधीकधी उडतोसुद्धा. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नर्व्ह त्याच जाळ्यातून कॅरोटिडला चिकटून जाते, म्हणून दोन-दोन दिसतं. याला कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुला म्हणतात. लाल डोळ्यात चिकट घाण नाही, खाज नाही, रेषा जाड आणि नागमोडी दिसतायत आणि आधी डोक्याला मार लागलेला आहे, असं असेल तर ते डोळे येणं नाही.

तो आपोआप बंद होईल म्हणून थांबू नका. अपघातानंतरचा, थेट भोकाचा फिस्टुला क्वचितच आपणहून मिटतो, आणि दाब तसाच राहिला तर नजर जाते, ती गेली की परत येईल याची खात्री नाही. कुणी गळा दाबून धरायला सांगितलं तर ते या प्रकाराला नाही, तो उपाय मंद गळतीच्या वेगळ्या प्रकारासाठी आहे आणि तोही डॉक्टरांनी शिकवल्याशिवाय करायचा नाही.

याच्या इलाजाचा इतिहास मला फार आवडतो म्हणून दोन ओळी. १८०९ मध्ये लंडनच्या ट्रॅव्हर्स नावाच्या सर्जनने अशा उडणाऱ्या डोळ्यासाठी गळ्यात कॅरोटिडच बांधून टाकली. १९३० च्या सुमारास ब्रुक्सने नसेत स्नायूचा छोटा तुकडा सोडला, तो रक्ताबरोबर वाहत जाऊन भोकात अडकेल या आशेने. मग मॉस्कोच्या सेर्बिनेंको यांनी नळीच्या टोकाला सुटा होणारा इवलासा फुगा लावला, तो भोकातून पलीकडे नेऊन फुगवायचा आणि सोडून द्यायचा, त्यांचा पेपर १९७४ चा. म्हणजे नस शाबूत आणि भोक बंद! आपल्याकडे काही ठिकाणी फुगे अजून वापरतात, स्वस्त पडतात. बहुतेक ठिकाणी आता प्लॅटिनमच्या केसासारख्या बारीक कॉइल त्या शिरांच्या जाळ्यात भरतात, सोबत कधी चिकट द्रव सोडतात, कधी नसेच्या आतून कापड लावलेला स्टेंट बसवतात. भोक फारच मोठं असेल आणि दुसरीकडून मेंदूला रक्त पुरतंय याची फुगा फुगवून चाचणी घेतली असेल, तर कधी ती नसच कायमची बंद करावी लागते, हे ऐकायला भयंकर वाटतं पण योग्य पेशंटमध्ये चालतं, कारण मेंदूच्या तळाशी चारी नसांना जोडणारं एक कडं असतं.

बंद झाल्यावर आवाज टेबलावरच थांबतो, पेशंट शुद्धीत असेल तर स्वतः सांगतो. लाली आणि सूज काही दिवसांत ते आठवड्यांत उतरते. दोन-दोन दिसणं मात्र महिने घेतं, तोवर एका डोळ्यावर पट्टी आणि जिने सांभाळून.

प्रश्न : भावाला अपघात होऊन तीन आठवडे झाले. एका डोळ्याची नजर तेव्हाच गेलीय. मधूनच नाकातून रक्त येतं, दोनदा तर भांडंभर आलं. कानाच्या-नाकाच्या डॉक्टरांनी बोळे घातले की थांबतं. उष्णतेने असेल का?
(सोलापूर)

उत्तर : नाही. उष्णतेने नाही, आणि सब्जा पिऊन थांबणार नाही. कवटीच्या तळाला मार, एका डोळ्याची गेलेली नजर आणि काही दिवसांनी-आठवड्यांनी नाकातून धो-धो रक्त, या तीन गोष्टी एकत्र आल्या की कॅरोटिडला फुगवटा येऊन तो नाकामागच्या हाडाच्या पोकळीत फुटतोय असंच धरून चालायचं, नाही हे सिद्ध होईपर्यंत. पहिल्या एक-दोन वेळा थांबतं आणि पुढच्या वेळी थांबेलच असं नाही. आजच अशा ठिकाणी न्या जिथे अँजिओ आणि न्यूरो-इंटरव्हेन्शन (नसेच्या आतून नळीने मेंदूच्या नसांचा इलाज) दोन्ही आहे, जाताना नाकातले बोळे कुणाला काढू देऊ नका. इलाज बहुतेक वेळा आतूनच होतो, कापडी स्टेंट, फ्लो डायव्हर्टर (रक्ताचा ओघ फुगवट्यावरून पुढे वळवणारा दाट जाळीचा स्टेंट) किंवा नस बंद करणं, काय ते फुगवटा कुठे आहे आणि किती घाई आहे यावर ठरतं. फ्लो डायव्हर्टरने फुगवटा हळूहळू, महिन्यांत भरतो, त्यामुळे रक्त चालू असलेल्या माणसाला नुसता तो बऱ्याचदा पुरत नाही. नुसत्या कॉइल भरणंही इथे धोक्याचं, कारण या फुगवट्याला खरी भिंत नसते.

प्रश्न : जांघेतून तार घालतात म्हणे डोक्यापर्यंत. आई ऐकूनच घाबरलीय. दुखतं का? कवटी उघडतात का?
(नाशिक)

उत्तर : कवटी उघडत नाहीत, आईला सांगा एक टाकाही नसतो बहुतेक वेळा. जांघेत किंवा मनगटात सुन्न करून पेनाच्या रिफिलपेक्षा फार जाड नाही अशी नळी धमनीत घालतात, तिच्यातून बारीक तार आणि त्याहून बारीक नळी एक्सरेच्या पडद्यावर बघत वर नेतात. नसेच्या आत दुखण्याची जाणीव जवळजवळ नसते. औषध सोडलं की डोक्यात-गालात गरम लाट आल्यासारखं होतं, तोंडाला चव येते, ते दोन-चार सेकंद. मोठं काम असेल तर भूल देतात, म्हणजे पेशंट हलू नये. नंतर जांघेतून केलं असेल तर पाय सरळ ठेवून काही तास पडून राहायचं, हा भाग लोकांना सगळ्यात नकोसा होतो.

धोके खरे आहेत, लपवत नाही. तार फिरवताना गुठळी सुटून लकवा होऊ शकतो, चिरलेली नस आणखी चिरू शकते, जांघेत काळी-निळी गाठ येते. किडनी कमजोर असेल, आयोडीनच्या औषधाने आधी कधी अंगावर गांधी उठल्या असतील किंवा डायबिटीसची मेटफॉर्मिन चालू असेल तर आधी सांगायचं.

आणि स्टेंट टाकला असेल तर गोळ्यांबद्दल कान उघडे ठेवून ऐका. दोन्ही गोळ्या साधारण तीन ते सहा महिने, त्यानंतर एक, बहुतेक ॲस्पिरिन, पुढे चालू. दाढ काढायची आहे म्हणून दातांच्या डॉक्टरांनी "चार दिवस बंद करा" म्हटलं तर स्टेंटवाल्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय बंद करायची नाही. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल घेत असाल तर सांगा, ते क्लोपिडोग्रेलचा जोर कमी करतं, त्याऐवजी पॅन्टोप्राझोल चालतं. क्लोपिडोग्रेल आपल्याकडच्या बऱ्याच लोकांत जन्मतःच नीट लागू पडत नाही, म्हणून काही ठिकाणी स्टेंटआधी रक्ताची तपासणी करून गोळी बदलतात. करत असतील तर नाही म्हणू नका.

प्रश्न : खर्चाचं कुणीच धड सांगत नाही. शेतकरी माणसाने काय करायचं?
(बीड)

उत्तर : नक्की आकडा मीही सांगू शकत नाही कारण किती सामान लागेल ते नस बघितल्यावर ठरतं. एकेक कॉइल काही दहा हजारांची आणि एका फिस्टुलाला त्या कितीतरी लागू शकतात, फ्लो डायव्हर्टर तर लाखांत जातो. गोळ्यांचा इलाज मात्र अगदी स्वस्त आहे, आणि बहुतेकांना तोच लागतो हे वर सांगितलंच.

रस्त्यावरचा अपघात असेल तर केंद्राची कॅशलेस योजना मे २०२५ पासून लागू झालीय, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा इलाज नेमलेल्या हॉस्पिटलात. अडचण अशी की ही दुखणी बऱ्याचदा सात दिवसांनंतरच डोकं वर काढतात! मग महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन ॲडमिट झाल्या झाल्या तिथे जा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. कोणती प्रोसिजर आणि कोणतं सामान योजनेत बसतं हे लेखी विचारून घ्या. सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात, मुंबईत केईएमसारख्या ठिकाणी, ही कामं होतात, नंबर लागायला वेळ लागतो पण सामान बऱ्यापैकी कमी खर्चात किंवा मदतीतून उभं राहतं. तिथला समाजसेवा विभाग लोकांना माहीतच नसतो, तो गाठा.

प्रश्न : गाडीला मागून धडक बसल्यापासून मान आखडलीय. आमच्या सलूनवाल्याचा हात चांगला आहे, कटकन मान मोडून देतो, बरं वाटतं. जाऊ का?
(ठाणे)

उत्तर : अजिबात जाऊ नका. धडक बसलेल्या मानेत नस आधीच चिरलेली असू शकते आणि वर तो कटकन आवाज काढणारा झटका, म्हणजे उरलेलं काम पूर्ण. धडधाकट माणसाचीही मान अशी मोडताना नस चिरून लकवा झाल्याच्या नोंदी आहेत, मानेच्या मागच्या बाजूच्या नसांना जास्त. सलूनवाल्याच्या हाताला मी नावं ठेवत नाही, त्याने केस कापावेत.

मान किंवा चेहऱ्याची एक बाजू कधी नव्हे अशी दुखतेय, त्याच बाजूची पापणी जराशी खाली आलीय आणि आरशात बघितलं तर त्या डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा बारीक दिसतेय, असं असेल तर ते आखडणं नाही. कॅरोटिडच्या अंगावरून जाणाऱ्या बारीक नर्व्हला धक्का लागल्याची ती खूण आहे. लकव्याच्या आधी कधीकधी एवढीच सूचना मिळते, आणि ती मोबाइलच्या सेल्फीत पण दिसते, जुना फोटो काढून शेजारी ठेवून बघा.

प्रश्न : संक्रांतीला मांज्याने गळा कापला तर हाच इलाज? आणि बाइकच्या चाकात ओढणी अडकल्याने पण असं होतं का?
(नागपूर)

उत्तर : मांजा वेगळा. तो बाहेरून आत कापतो, रक्त समोर दिसतं. स्वच्छ कापड घेऊन जागेवर दाबून धरायचं, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही, आणि पळायचं. गळ्याच्या मधल्या भागातली जखम सर्जन उघडून शिवतात, तेच बरं असतं. जखम अगदी वर जबड्याच्या मागे किंवा अगदी खाली हासळीच्या हाडामागे असेल, जिथे सुरी पोचवणं कठीण, तिथे आतून स्टेंटचा उपयोग होतो.

ओढणीचं मात्र हो, आणि ते मी मुद्दाम छापतोय. चाकात ओढणी गेली, गळ्याला करकचून आवळलं, मुलगी वाचली, गळ्यावर नुसता वळ आणि आवाज बसलाय, म्हणून हळद लावून घरी ठेवलं असं होतं. मळणी यंत्रात पदर गेला तरी तेच. वळ दिसतोय तिथे खाली कॅरोटिड आहे. सीटी अँजिओ मागून घ्या. गळा आवळला होता हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, "पडली" एवढंच सांगू नका. लहान मूल तोंडात ब्रश नाहीतर पेन्सिल घेऊन पडलं आणि घशात मागे बाजूला टोचलं तर तेही असंच, जखम छोटी दिसली तरी दाखवून घ्या, आणि दोन-तीन दिवस पोर नेहमीपेक्षा जास्त झोपतंय का, एक हात कमी वापरतंय का याकडे लक्ष ठेवा.

प्रश्न : मला मानेत स्टेंट आणि डोक्यात कॉइल आहेत. पुढच्या महिन्यात मुलाकडे दुबईला जायचंय. विमानतळावर मशीन वाजेल का? पुढे कधी एमआरआय लागला तर?
(फोंडा, गोवा)

उत्तर : काका, एवढ्याशा धातूने मशीन सहसा वाजत नाही, वाजलंच तर कार्ड दाखवा. एमआरआय आजकालच्या बहुतेक स्टेंट आणि प्लॅटिनमच्या कॉइलवर करता येतो, फक्त एमआरआयवाल्यांना आधी सांगायचं आणि सामानाच्या डब्यावरचं स्टिकर, ज्यावर कंपनी आणि नंबर असतो, ते डिस्चार्ज कार्डला चिकटवलेलं आहे का ते आज बघून ठेवायचं. नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून त्याची प्रत मागा आणि फोनमध्ये फोटो काढून मुलाला पाठवून ठेवा. गोळ्या हँडबॅगमध्ये, चेक-इनच्या बॅगेत नाही, आणि परतीचं तिकीट पुढे गेलं तरी पुरतील एवढ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.